रोजचं एक अंडं: कोकणातल्या घरात ते नियमित कसं आणायचं

रविवारी कालवणात डझनभर अंडी फोडायची आणि पुढचे सहा दिवस अंड्याकडे बघायचंही नाही, ही आपल्याकडे अनेक घरांची रीत. मग कधीतरी डॉक्टर किंवा अंगणवाडीतल्या ताई सांगतात, "अंडी खात जा." किती, कुठली, कुणी, कशाबरोबर, हे विचारायचं राहून जातं. ज्यांना नव्यानं सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ही माहिती क्रमानं दिली आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. शरीर जादाची चरबी साठवून ठेवतं, पण प्रथिनांसाठी त्याच्याकडे कणगी नाही. रविवारी खाल्लेली चार अंडी बुधवारी उपयोगी पडत नाहीत. म्हणून खरा फायदा हवा असेल तर रविवारची हंडी लहान करा आणि तीच अंडी आठवड्याभरात एकेक करून ताटात आणा.

१. आधी आपलं ताट मोजा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम.

आता आपला दिवस बघा. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ पोटात गेला तर त्यातून २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे निम्म्याहून जास्त बाकी राहतात. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी पडतं. अंड्यात ते भरपूर असतं. मासळी, डाळ, कुळीथ यांतूनही ही उणीव भरून निघते, पण पेज-लोणच्याच्या न्याहारीत यांपैकी काहीच नसतं. रोजचं अंडं बसवायची सगळ्यात चांगली जागा म्हणूनच सकाळची.

बाजारातल्या एका मध्यम अंड्यात, टरफल सोडून, साधारण हे असतं:

- प्रथिनं ६ ग्रॅम, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पांढऱ्यात, उरलेली बलकात
- चरबी ५ ग्रॅम, जवळजवळ सगळी बलकात. त्यातली संतृप्त चरबी (तूप-खोबऱ्यात जास्त असते ती) दीड ग्रॅम
- ऊर्जा ७० ते ७५ कॅलरी
- कोलीन १४० मिलिग्रॅमच्या आसपास, सगळं बलकात. मेंदू, यकृत आणि पोटातल्या बाळाच्या वाढीसाठी हे लागतं.
- ‘अ’ जीवनसत्त्व, सेलेनियम, बी-१२, थोडं ‘ड’ जीवनसत्त्व, आणि डोळ्यांसाठी ल्युटीन

नसलेल्या गोष्टीही लक्षात ठेवा. अंड्यात ‘क’ जीवनसत्त्व नाही, चोथा नाही आणि कॅल्शियम अगदी थोडं आहे. लोह असतं, पण बलकातलं एक प्रथिन ते धरून ठेवतं, म्हणून शरीराला फारसं लागत नाही. अंड्यातलं बी-१२ सुद्धा तुलनेनं कमी शोषलं जातं. तेव्हा रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी आलं असेल तर "आता रोज अंडं खातो" म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. ही चूक फार होते.

बांगडा आणि तारलीत ओमेगा-३ अंड्याच्या कितीतरी पट असतं. ताजी मासळी मिळत असेल तर ती सोडून अंडं धरू नका. अंड्यानं मासळी नसलेल्या वेळा भरायच्या.

२. घरात कुणी किती

*निरोगी मोठी माणसं:* रोज एक पूर्ण अंडं, बलकासकट. आजवरच्या मोठ्या अभ्यासांत एवढ्यानं निरोगी माणसाच्या हृदयविकाराचा धोका वाढल्याचं सहसा दिसलेलं नाही. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जी जुनी मर्यादा होती, तीही २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त चरबीनं जास्त वाढतं.

*मधुमेह, वाढलेलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), हृदयाचा आजार, घरात लहान वयात झटका आल्याचा इतिहास:* यांनी आकडा स्वतः ठरवू नये. मधुमेहींबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. डॉक्टरांकडे जाताना शेवटचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, आणि नेमकं विचारा: आठवड्याला किती बलक चालतील? "अंडी खाऊ का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

*मूत्रपिंडाचा आजार:* प्रथिनं किती घ्यायची हे इथे आजाराच्या टप्प्यावर ठरतं. डायलिसिस सुरू असलेल्याला बऱ्याचदा पांढरं जास्त खायला सांगतात, तर डायलिसिसपूर्वीच्या रुग्णाला प्रथिनं मोजून घ्यावी लागतात. शेजाऱ्याला सांगितलेलं प्रमाण आपल्याला लागू नाही.

*गरोदर बाई:* रोज एक, पण बलक पूर्ण घट्ट झालेलं. अर्धकच्चं अजिबात नको.

*म्हातारी माणसं:* दात नाहीत म्हणून मासळी, चणे-वाटाणे सुटतात आणि उरते नुसती पेज. त्याच पेजेत उकडलेलं अंडं कुस्करून घातलं तर चावायला त्रास नाही आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजण्याच्या वयात सहा ग्रॅम चांगली प्रथिनं पोटात जातात. घरात अंडं एकालाच परवडत असेल, तर लहान मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांचा हक्क पहिला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

"अंडं उष्ण पडतं, उन्हाळ्यात नको," असं सगळीकडे ऐकू येईल. अंड्यानं अंगात ताप वाढत नाही. मे महिन्यात त्रास होतो तो बाहेर राहून खराब झालेल्या अंड्यानं किंवा त्यावरच्या तिखट-तेलकट मसाल्यानं.

३. काय जवळ हवं

झाकणाचं खोलगट पातेलं, लांब दांड्याचा डाव, एक कोरडी वाटी, गजर लावायला आणि टॉर्चला मोबाइल, अंडी ठेवायला झाकण नसलेली टोपली किंवा ट्रे, आणि तारीख टाकायला पेन्सिल. शाईचं पेन टरफलावर वापरू नका. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात.

४. विकत घेताना

कोकणात दुकानात मिळणारी बहुतेक अंडी घाटावरून ट्रकनं येतात. पावसात दरड कोसळून घाट बंद पडला की माल दोन-तीन दिवस अडकतो. अशा वेळी दुकानदाराला ट्रे कधी आला ते सरळ विचारा. उन्हात मांडलेला ट्रे आणि तडा गेलेलं अंडं घेऊ नका, मग ते स्वस्त का मिळेना.

गावठी की फार्मचं? ग्रॅमला ग्रॅम लावून बघितलं तर प्रथिनांत फरक नाही. गावठी अंडं ३५ ते ४५ ग्रॅम भरतं, फार्मचं ५० ते ५५. ढोबळ हिशेबानं तीन लहान गावठी म्हणजे दोन फार्मची. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि बलकाचा रंग तिनं काय खाल्लं त्यावर. परसात पाला, किडे, मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद येतो. चव आवडते म्हणून गावठी घ्या, जरूर घ्या. पण दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आठवड्यातून दोनच अंडी येणार असतील, तर त्याच पैशात फार्मची चार-पाच आणणं शरीराच्या दृष्टीनं शहाणपणाचं.

गावठी म्हणून घेताना दोन फसवणुकी सांभाळा.

पहिली, रंगवलेली अंडी. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून तपकिरी करतात. ओल्या फडक्यानं घासा. रंग फडक्याला लागला तर समजा. खऱ्या गावठी अंड्यांत आकार आणि छटा सारख्या नसतात: एक फिकट, एक गडद, एक लांबोडकं. सगळी एका साच्यातली दिसली तर शंका घ्या.

दुसरी फसवणूक बहुतेक वेळा मुद्दाम केलेली नसते. कोंबडी डालग्याबाहेर कुठेतरी आडोशाला घालत राहते, अंडी सापडतात तोवर ती खुडूक होऊन त्यांवर बसलेली असते, आणि तीच अंडी विकायला येतात. ती ओळखायची तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून अंड्याचं रुंद टोक त्यावर टेकवा. ताजं अंडं आतून एकसारखं नारिंगी उजळतं आणि रुंद टोकाला हवेची लहानशी पोकळी दिसते, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. पोकळी अंड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल तर अंडं शिळं. आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे काळसर ठिपका दिसला तर गर्भ धरलेला आहे. ते बाजूला काढा. नुसता रक्ताचा एक थेंब बलकावर असेल तर तो अंडं बनताना फुटलेल्या बारीक शिरेचा असतो. चमच्यानं काढून टाका, अंडं खाण्याजोगं आहे.

"प्लॅस्टिकच्या अंड्यां"चे व्हिडिओ बघून घाबरू नका. तशी अंडी बनवता येत नाहीत. शिळ्या अंड्याचं आतलं पटल कागदासारखं कडक होतं, आणि लोक त्यालाच प्लॅस्टिक समजतात.

५. साठवण, आणि विशेषतः पावसाळ्यात

आणल्या आणल्या अंडी धुवायची नाहीत. टरफलावर नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रं बंद ठेवतो. धुतल्यावर लेप जातो, आणि गार पाण्यानं आतला भाग आकसला की बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, आणि धुवायचं ते शिजवायच्या क्षणी, किंचित कोमट पाण्यानं.

रुंद टोक वर ठेवा, म्हणजे हवेची पोकळी वरच राहते आणि बलक मधोमध.

फ्रिजमध्ये अंडी तीन-चार आठवडे चांगली राहतात. दारातल्या खाचांत नको, आतल्या कप्प्यात ठेवा. दार उघडझाप झाली की तिथलं तापमान सारखं बदलतं. फ्रिज नसेल तर आपल्या दमट हवेत आठवड्याच्या आत संपतील एवढीच आणा. चुलीजवळ नको, खिडकीच्या उन्हात नको. टोपलीत तळाला कोरडा भाताचा कोंडा पसरून त्यात ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त कोंडा पावसाळ्यात दमट झाला की बदलायचा.

जून ते सप्टेंबरात दोन धोके वाढतात. एक, पुठ्ठ्याचा ट्रे ओल धरतो आणि टरफलावर बुरशीचे ठिपके येतात. दुकानातून ट्रेमधून आणली तरी घरी आल्यावर अंडी कोरड्या टोपलीत काढा आणि ट्रे टाकून द्या. बुरशी आलेलं अंडं पुसून खाऊ नका. दोन, वादळ-पावसात वीज तासन्‌तास जाते, फ्रिज गरम होतो आणि गार अंड्यांना घाम येतो. तो ओलावा जंतूंना आत जायला वाट देतो. अशी अंडी अलगद टिपून कोरडी करा, वेगळी ठेवा आणि एक-दोन दिवसांत पूर्ण शिजवून संपवा.

६. शिजवणं

आधी पाण्याची परीक्षा. पातेल्यात पाणी घेऊन अंडं सोडा. आडवं तळाला बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, पण चालेल. तरंगलं तर टाका. ही परीक्षा शिजवायच्या वेळीच करायची, भिजवून पुन्हा ठेवून द्यायचं नाही.

उकडण्याची पद्धत:

क. फ्रिजमधलं अंडं १५ मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर गरम पाण्यात पडताच तडकतं.

ख. अंड्यांवर बोटभर पाणी राहील एवढं पाणी आधी खळखळ उकळा.

ग. डावानं एकेक अंडं तळाशी अलगद सोडा. आच मध्यम करा.

घ. सोडल्यापासून ११ मिनिटांनी बलक पूर्ण घट्ट. ७ मिनिटांनी मधे ओलसर राहतो. तसा तो निरोगी मोठ्या माणसालाच, तोही ताज्या अंड्याचा.

च. लगेच गार पाण्यात ५ मिनिटं. सोलताना रुंद टोकापासून सुरुवात करा, तिथे पोकळी असल्यानं पटल सहज धरता येतं.

बलकाभोवती हिरवट कडं आलं म्हणजे जास्त उकडलं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांच्या संयोगानं ते होतं. अपाय नाही, पण वास आणि चव बिघडते आणि मुलं अंडं नाकारतात ती बहुधा यामुळेच. अगदी ताजं, कालचं अंडं सोलताना पांढरा टरफलाला चिकटून तुटतो. उकडायला पाच-सहा दिवसांचं अंडं बरं, आणि ताजं पोळ्याला (ऑम्लेटला) ठेवा.

पोळ्याला किंवा कालवणाला अंडं थेट फोडू नका. आधी वाटीत फोडा. ताज्या अंड्याचा बलक घुमटासारखा वर उभा असतो आणि पांढऱ्याचा दाट भाग त्याला धरून राहतो, कडेला थोडंसंच पातळ पाणी. शिळ्यात बलक चपटा होऊन सगळं वाटीभर पसरतं. वास आला तर एकच वाटी जाते, अख्खं कालवण नाही.

उकळत्या कालवणात अंडी फोडून सोडायची असतील तर आच मंद करा, पहिली तीन-चार मिनिटं डाव लावू नका, झाकण ठेवा आणि बलक घट्ट होईपर्यंत, साधारण आठ-दहा मिनिटं ठेवा.

कच्चं अंडं दुधात घालून प्यायची पद्धत व्यायामशाळांत अजून टिकून आहे. ती सोडा. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं ९० टक्क्यांच्या आसपास पचतात, कच्च्यातली निम्मीच. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं, आणि साल्मोनेला या जुलाब-उलट्या घडवणाऱ्या जंतूचा धोका वेगळाच.

७. कशाबरोबर खायचं

आपल्याकडे अंड्याचं गणित बिघडतं ते वाटपात, म्हणजे कालवणासाठी वाटलेल्या खोबऱ्यात. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात संतृप्त चरबी ३० ग्रॅमच्या आसपास असते. चार माणसांच्या कालवणात तेवढं खोबरं वाटलं तर माणशी सात ग्रॅमहून जास्त झाली, आणि अंड्यातली मात्र दीड ग्रॅम. कोलेस्टेरॉल वाढलं की लोक बलक काढून फेकतात आणि वाटप तसंच ठेवतात. हे उलट आहे. रविवारच्या कालवणात खोबरं असू द्या, ती आपली चवच आहे. रोजचं अंडं मात्र उकडून, किंवा चमचाभर तेलावर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून पोळा करून खा.

सोबतीला जे अंड्यात नाही ते द्या. शेवग्याचा पाला, लाल माठ, टाकळ्याची भाजी यांतून चोथा मिळतो, आणि त्यांतलं कॅरोटीन शोषायला बलकातली चरबी मदत करते. वरून लिंबू पिळा किंवा कैरीची फोड घ्या. ‘क’ जीवनसत्त्वानं भाजीतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र अंड्याबरोबर नको. चहातलं टॅनिन लोह अडवतं. मधे तासाभराचं अंतर ठेवा.

तांदळाच्या घावनावर अंडं पसरून उलटवलं की न्याहारी पाच मिनिटांत होते.

८. सहा महिन्यांपुढच्या बाळाला

सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरचं अन्न सुरू झालं की अंडं देता येतं. पांढरं वर्षभर थांबवायची गरज नाही. उगाच उशीर केल्यानं ॲलर्जी टळत नाही. बाळाला तीव्र इसब असेल किंवा दुसऱ्या कशाची ॲलर्जी असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पहिल्यांदा सकाळी द्या, दवाखाना उघडा असेल त्या दिवशी. रात्री किंवा प्रवासात नको. पूर्ण उकडलेलं अंडं, पांढरं-पिवळं दोन्ही, मऊ भातात कुस्करून पाव चमचा. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. दोन तास लक्ष ठेवा: अंगावर गांधी (खाजरे लाल चट्टे), ओठ-डोळे सुजणं, उलट्या. काही झालं नाही तर पुढच्या काही दिवसांत हळूहळू वाढवत न्या. श्वास घ्यायला त्रास, घरघर किंवा बाळ एकदम मलूल पडलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

९. वार, श्रावण आणि बंदीचे महिने

नियमित म्हणजे सातही दिवस असं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरात चार दिवस उरतात, आणि तेवढेही पुरेसे आहेत, जर उरलेल्या तीन दिवशी न्याहारी रिकामी ठेवली नाही तर. ३० ग्रॅम कुळथाच्या पिठात, म्हणजे शीग लावून तीन मोठे चमचे, एका अंड्याइतकी प्रथिनं असतात. वाराच्या दिवशी पेजेबरोबर कुळथाची पिठी करा. तिच्यात बी-१२ नसतं, म्हणून त्याच दिवशी दही किंवा ताक घ्या. श्रावणातही हेच चालवा. ज्यांना श्रावण पाळायचा आहे त्यांच्यावर गरोदरपण किंवा आजारपण सोडून अंड्याची सक्ती करण्याचं कारण नाही.

अंड्याची खरी गरज १ जूनला मासेमारी बंद झाली की पडते. पुढचे दोन महिने ताजी मासळी दुर्मीळ, आणि ताटात येतात सुकट, सोडे, खारवलेला बांगडा. यांत प्रथिनं भरपूर, पण खारवलेल्या मासळीत मीठही तितकंच. रक्तदाबाच्या माणसानं ती आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही भिजवून पाणी टाकून घ्यावी आणि बाकी दिवशी अंडं. एका अंड्यात स्वतःचं सोडियम जेमतेम ७० मिलिग्रॅम असतं. वरून मीठ भुरभुरवू नका, मिरपूड घाला.

खरेदीचा हिशेब असा मांडा: घरात चार माणसं, पाळलेले वार सोडून चार दिवस, म्हणजे आठवड्याला १६ अंडी. त्यातच रविवारचं कालवण धरलेलं आहे. ३० चा ट्रे थोडा स्वस्त पडतो, पण फ्रिज नसलेल्या घरात पावसाळ्यात तो पंधरवडाभर टिकत नाही. तिथे आठ-आठ करून आठवड्यातून दोनदा आणा आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं आणल्याची तारीख टाका. जुनी तारीख पुढे, नवी मागे.